दांडीला पोचा, हँगर वाकडा: गिअरच्या सायकलीचे दहा महिने

दसऱ्याला घेतलेल्या सायकलीला आता दहा महिने झाले. साडेतीन हजारांच्या आसपास किलोमीटर झाले असतील. नागपुरात त्रिमूर्तीनगर ते हिंगणा एमआयडीसी रोजचं जाणं-येणं, रविवारी फुटाळा नाहीतर गोरेवाडा. गिअर किती, वजन किती, ब्रेक कसे, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. साडेएकोणीस हजारांच्या ॲल्युमिनियम हायब्रिडमध्ये उन्नीस-बीसचाच फरक असतो. मला लिहायचं आहे ते मागच्या चाकाजवळच्या अंगठ्याएवढ्या एका तुकड्याबद्दल: हँगर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो. त्याच्यापायी माझे अकरा हजार जाणार होते.

जानेवारीच्या शेवटी पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकांची स्कूटर स्टँडवरून घसरली आणि माझ्या सायकलीवर पडली. लेगगार्ड दांडीवर बसला आणि सायकल उजवीकडे, म्हणजे गिअरच्या बाजूने, ओट्याच्या कडेवर आपटली. दांडीला मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा पोचा, दोनेक मिलिमीटर खोल. काका लगेच पाचशे रुपये घेऊन वर आले. आईने घेऊ दिले नाहीत. "एकाच बिल्डिंगमधी राहून राह्यलो आपण, पैसे कायचे घेतो?" तिचं बरोबरच होतं, पण पुढे खर्च मोजताना ते पाचशे मला बरेचदा आठवले.

दुसऱ्या दिवशी सर्वांत हलका गिअर टाकला की मागून कटकट आवाज. डिरेलरचा पिंजरा चाकाच्या तारांना घासत होता. ज्या दुकानातून सायकल घेतली तिथल्या सर्व्हिसवाल्याने पोचा पाहिला, मागून एक नजर टाकली आणि सांगितलं, "फ्रेम गेली. वॉरंटीत बसत नाही. नवी फ्रेम अकरा हजार, मजुरी वेगळी." वॉरंटीचं तो खरं बोलला. कार्ड घरी येऊन नीट वाचलं: फ्रेमची हमी बनावटीतल्या दोषाला, अपघाताला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही, की फ्रेम सरळ आहे का पाहायला त्याने ना दोरा लावला, ना पट्टी लावली, ना चाक काढलं. अर्ध्याहून जास्त किमतीचा खर्च सांगायला त्याला दोन मिनिटं पुरली. आणि मी ऐकूनही घेणार होतो.

त्या आठवड्यात ॲल्युमिनियमवर माझा राग होता. बाबांची जुनी लोखंडी बावीस इंची सायकल एकदा बैलगाडीवर धडकली होती. पुढच्या चाकाचा चिमटा मागे गेला, दांडीचा जोड उकलला. गॅस वेल्डिंगवाल्याने जोडात पितळ भरलं, चिमटा पाइप घालून सरळ केला आणि ती पुढे कित्येक वर्षं चालली. आमच्या कारखान्यात ॲल्युमिनियमलाही चालणारं अर्गन वेल्डिंग रोज होतं, म्हणून मी तिथल्या वेल्डरदादांना म्हटलं, एवढा पोचा भरून द्या. त्यांनी हातही लावला नाही.

कारण त्यांनी समजावलं ते असं. आपल्या सायकलींत बहुधा 6061 हा मिश्रधातू असतो. त्याची ताकद नुसत्या धातूची नाही, उष्णतेच्या संस्कारातून आलेली आहे: आधी साधारण 530 अंशांवर तापवून झटकन पाण्यात, मग 170 अंशांच्या आसपास काही तास. वेल्डिंगची आच लागली की जोडाच्या भोवतीची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते, आणि ती परत आणायची तर अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीत घालावी लागते. म्हणजे वरून चकाचक आणि आतून मऊ. "पोचा पोचाच राहू दे, चीर आहे का ते पाहा," हा त्यांचा सल्ला, आणि तोच सगळ्यात कामाचा निघाला.

चीर पाहायला आमच्याकडे डाय पेनेट्रंटचे स्प्रे असतात. लाल रंग मारायचा, थांबायचं, पुसायचा, वर पांढरी पावडर. चीर असली तर लाल रेघ वर येते. त्यासाठी पोच्यावरचा पेंट खरवडावा लागला. नव्या सायकलीवर पॉलिश पेपर चालवताना जिवावर आलं. रेघ आली नाही. मग उघड्या जागेवर नेलपॉलिशचे दोन हात दिले. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही, तरी पावसाळा होता पुढे.

मग आवाज कशाचा? ते उलगडलं सीताबर्डीच्या एका गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे. त्यांनी आधी दोरा घेतला: फ्रेमच्या ज्या दोन खाचांत मागच्या चाकाचा आस (ॲक्सल) बसतो, त्यांतल्या एकीतून पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीने मोजलं. सारखं. म्हणजे फ्रेम सरळ. मग गिअरचा डिरेलर काढला आणि तो ज्या भोकात बसतो, त्यात दुसऱ्या गिअरच्या सायकलीच्या मागच्या चाकाचा ॲक्सल फिरवून बसवला. दोघांचे आटे एकच, 10 मिलिमीटर. आता दोन चाकं शेजारी शेजारी उभी. समांतर असायला हवीत, पण वरच्या बाजूला दोन बोटं जास्त फट होती. "भाऊ, फ्रेमले काही नाही झालं. हँगर वाकला." तेच चाक हाताने हळूहळू दाबत त्यांनी हँगर सरळ केला. घेतले शंभर रुपये. अकरा हजार ऐकून आलेल्या माणसाला काय वाटलं असेल ते सांगत नाही.

इथे हा अनुभव संपला असता तर मी सायकलीला पूर्ण गुण दिले असते. पण मिस्त्रीकाकांनी बजावलं होतं, हा एकदाच सरळ होतो, नवा आणून ठेवा. मी टाळलं, कारण चालत होतं. तीन आठवड्यांनी संध्याकाळी घरी येताना गिअर बदलला आणि कडकन आवाज झाला. हँगर तुटला, डिरेलर चेनला लटकला. बरं की मी पायडल तिथेच थांबवलं. आणखी अर्धा फेरा झाला असता तर तो तारांत जाऊन चाकही घेऊन गेला असता. ढकलत वासुदेवनगर मेट्रो स्टेशन गाठलं. आपल्या नागपूर मेट्रोत सायकल नेऊ देतात, ही सोय त्या दिवशी देवासारखी वाटली. सीताबर्डीला उतरून पुन्हा मिस्त्रीकाकांकडे.

तेव्हा माझं मत फिरलं. तोवर मी त्या तुकड्याला कच्चा, तकलादू म्हणत होतो. काका म्हणाले, तो कच्चाच पाहिजे. तो मऊ ठेवलेला, दोन स्क्रूंवर बसलेला असतो तो यासाठी, की आपटल्यावर त्याने वाकावं आणि फ्रेमची खाच वाचावी. हँगर कडक असता तर ओट्यावर खाचच वाकली असती, आणि तेव्हा मात्र फ्रेम खरंच गेली असती.

म्हणून आता माझा राग फक्त एका गोष्टीवर आहे, पण तो पक्का आहे. जो तुकडा वाकण्यासाठीच बनवला, तो एक जास्तीचा खोक्यात का देत नाहीत? रिफ्लेक्टर देतात, घंटी देतात, कंपनीचे स्टिकर देतात. हँगरचे आकार शेकड्यांनी आहेत, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. दुकानात नंबर विचारला तर नंबरच माहीत नाही. तुटलेला तुकडा व्हर्नियरने मोजून ऑनलाइन मागवला, तर भोकांमधलं अंतर दीड मिलिमीटरने चुकलं. परत पाठवायला ऐंशी रुपये गेले. दुसऱ्यांदा बरोबर आला, 320 रुपयांना एक. दोन घेतले. त्यात अकरा दिवस गेले आणि कामावर जायला ऑटोचे जे पैसे लागले त्यात आणखी दोन आले असते. सायकल घ्याल त्याच दिवशी दुकानदाराकडून हँगर मागा. नाही म्हणाला तर नंबर लिहून द्यायला सांगा.

पोच्याचं म्हणाल तर मे महिन्याचं 45 अंशांचं ऊन आणि सिमेंट रोडच्या कडांवरचे धक्के खाऊन तो तेवढाच आहे. कडेने मार्करने गोल काढलाय. दर महिन्याला केरोसीनच्या फडक्याने पुसतो, मोबाइलचा टॉर्च आडवा धरतो आणि कापूस फिरवतो. बारीक चीर असली तर कापसाचे धागे अडकतात. हँडलखालचे जोड आणि पायडलच्या वरचा जोडही तसेच पाहतो, कारण ताण जास्त तिथे येतो. कुठेही धागा अडकला तर त्या दिवसापासून सायकल बंद. ॲल्युमिनियमची चीर थांबत नसते, वाढतच जाते. दुकानात कोणी दुरुस्तीच्या स्टँडवर लावायला दांडी शिकंज्यात पकडू लागला तर मी हात धरतो आणि सीटच्या पाइपला पकडायला लावतो.

दुसरा हँगर स्क्रूंसकट सीटखालच्या पाऊचमध्ये आहे, सोबत 5 नंबरची ॲलन की. खालच्या मजल्यावरचे काका आता स्कूटरच्या चाकाला वीट लावतात.