स्नोबोर्डच्या बेसवर चुकून लागलेलं सर्फ वॅक्स काढताना: चार महिन्यांचा अनुभव

डिसेंबरच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे सनीवेलला आला होता. सांताक्रूझला सर्फिंग शिकतोय. टाहोला स्नोबोर्डिंगसाठी निघायच्या आदल्या रात्री मी त्याला म्हटलं, बोर्डला जरा वॅक्स लावून ठेव. त्याने मनापासून लावलं, पण स्वतःच्या बॅगेतलं. सर्फ वॅक्स.

दोन्हींना वॅक्सच म्हणतात, पण कामं अगदी उलटी. सर्फबोर्डवर ते वरच्या बाजूला लावतात, पाय घसरू नयेत म्हणून. ते मुद्दाम चिकट बनवलेलं असतं, आणि त्याच्याकडचं थंड पाण्याचं, म्हणजे गारठ्यातही मऊ राहणारं. स्नोबोर्डच्या बेसला, म्हणजे बर्फावर सरकणाऱ्या तळाला, हवं असतं कडक, गुळगुळीत वॅक्स, ज्यात बर्फाचे टोकदार कण रुतणार नाहीत. मऊ वॅक्समध्ये ते रुततात आणि बोर्ड जागच्या जागी धरला जातो. नॉर्थस्टारला, म्हणजे टाहोच्या स्की रिसॉर्टला, खाली गावाकडे येताना सपाट भाग लागतो, तिथे मला बोर्ड काढून हातात घेऊन चालावं लागलं. भाचा काळजीने विचारत होता, "मामा, माझ्यामुळे बोर्ड खराब झाला का?" झाला नव्हता. तसा समज करून कोणी नवीन बोर्ड घ्यायला धावू नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली चूक माझी. घाईत बोर्ड एका दुकानात दिला. काय लागलंय ते सांगूनही त्यांनी बेस साफ न करता वरून इस्त्रीने गरम वॅक्स मारून परत दिला. पैसे गेलेच, शिवाय इस्त्रीच्या उष्णतेने चिकट थर पातळ होऊन आणखी आत मुरला. माझा बेस सिंटर्ड आहे, म्हणजे पॉलिथिलीनची पावडर दाबून, तापवून केलेला. असा बेस वॅक्स चांगलं शोषून घेतो. हा त्याचा गुणच, पण या वेळी तो अंगाशी आला. म्हणून बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा: चिकट थर वरून निघाल्याशिवाय इस्त्री लावायची नाही.

जानेवारीत घरीच बसलो. बाइंडिंग (बूट अडकवायचे पट्टे) काढली, बोर्ड दोन स्टुलांवर उलटा ठेवला आणि प्लेक्सीग्लासचा जाड स्क्रेपर फिरवला. नेहमीचं वॅक्स खोबऱ्याच्या किसासारखं भुरभुरत पडतं. हे पडेचना. गोळा होऊन स्क्रेपरच्या धारेलाच लपेटून बसायचं. मग बर्फाच्या पिशव्या बेसवर दहा-दहा मिनिटं ठेवल्या. गारठल्यावर थर ताठ झाला आणि खपल्यांसारखा सुटू लागला. हातभर भाग गार करायचा, नोजकडून टेलकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे, खरवडायचं, धार पुसायची, पुढे सरकायचं. दीड तास लागला, पण जवळजवळ सगळा जाड थर या एकाच कामात निघाला. धातूचा स्क्रेपर घेऊ नका, बेसला चरे पडतात.

उरला तो पातळ, बोटाला चिकटणारा पापुद्रा. आम्ही मूळचे मालवणचे. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, त्याला तेलच लागतं, हे घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. इथेही तोच न्याय. मी संत्र्याच्या सालीच्या तेलापासून केलेला बेस क्लीनर आणला. कापडावर घ्यायचा, वीतभर भागावर चोळायचा आणि सुकायच्या आत कोऱ्या कापडाने टिपायचा. सुकू दिला तर विरघळलेली चिकटाई तिथेच परत बसते. पहिली तीन फडकी पिवळट-राखाडी झाली, पाचवं बऱ्यापैकी स्वच्छ निघालं. हा द्रव पेट घेतो, आणि आमच्या गॅरेजमध्ये गॅसचा गीझर आहे. त्यामुळे हे काम बाहेर ड्राइव्हवेवर केलं आणि इस्त्रीला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही. फडकीही बाहेरच वाळवली.

क्लीनरबद्दल माझं मत: एकदा वापरायला उत्तम, सवय म्हणून वाईट. तो चिकटाईबरोबर बेसमधलं चांगलं वॅक्सही ओढून नेतो. माझ्या बोर्डच्या कडांजवळ बेस पांढुरका, कोरडा दिसायला लागला होता. शिवाय आत मुरलेलं त्याने पूर्ण निघत नाही. पहिल्या वेळी मी क्लीनरनंतर एकदाच साधं वॅक्स मारून डोंगरावर गेलो. मधला भाग छान सरकला, पण वळताना कडांपाशी ओढ जाणवत होती.

खरं काम केलं हॉट स्क्रेपने. मऊ, स्वस्त वॅक्स इस्त्रीने बेसवर पसरायचं आणि ते पुरतं घट्ट व्हायच्या आत, कोमट असतानाच खरवडून टाकायचं. आतली घाण त्याच्याबरोबर वर येते. पहिल्या खेपेला आलेलं वॅक्स मळकट आणि चिवट होतं, दुसऱ्या खेपेला नुसतं मळकट, तिसऱ्या खेपेला कोऱ्या कागदावर ठेवलं तर पांढरं दिसलं. प्रत्येक खेपेनंतर पितळी ब्रश नोजकडून टेलकडे. फेब्रुवारीत हे सगळं परत एकदा केलं आणि कडांची ओढ गेली, ती आजपर्यंत परतलेली नाही.

इस्त्रीसाठी थोडे जास्त पैसे घाला. आधी मी घरातली जुनी कपड्यांची इस्त्री वापरली. तिचं तापमान वर-खाली होतं आणि वाफेच्या भोकांत वॅक्स जाऊन बसतं. बेसचं पॉलिथिलीन १३० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळायला लागतं, म्हणजे चुकायला फारशी जागाच नाही. वॅक्सिंगची जाड तळाची इस्त्री मी ११० ते १२० वर ठेवतो आणि एका जागी थांबवत नाही. धूर दिसला तर ती जास्त तापली आहे. स्क्रेपरची धार मात्र दर दोन वापरांनी काढावी लागते. बोथट स्क्रेपर वॅक्स काढत नाही, फक्त पसरवतो.

एप्रिलच्या ओल्या बर्फात बोर्ड पुन्हा अडखळला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. गाडीपाशी येऊन बेसवर अंगठा दाबून ओढला. चिकट नव्हता, पण बोटाला काळपट मळ लागला. वसंतात वितळत्या बर्फावर धूळ, परागकण, लिफ्टचं ग्रीस असं बरंच काही साचतं, आणि पाण्याचा थरही बेसला खाली ओढून धरतो. ते दुखणं वेगळं. एक हॉट स्क्रेप आणि वर उबदार बर्फासाठीचं वॅक्स एवढ्यावर भागलं.

दुसऱ्या एका दुकानाने डिसेंबरमध्येच सुचवलं होतं की यंत्रावर बेस घासून घ्या. गरज पडली नाही. घासताना बेसचा थर जातो, आणि तो मोजकाच असतो. भाच्याने मार्चमध्ये याच बोर्डवर दोन दिवस काढले. त्याचं सर्फ वॅक्स आता गॅरेजमध्ये वेगळ्या डब्यात असतं, डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय: समुद्र.