केटिंग लायब्ररी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीसाठी आम्ही ऑर्डरनोंदीची प्रणाली लिहिली. तिचा एपीआय (ब्राउझरने सर्व्हरशी बोलण्याचा मार्ग) हॅल स्वरूपात, म्हणजे डेटासोबत संबंधित लिंकही देणाऱ्या स्वरूपात, आहे आणि ब्राउझरच्या बाजूला गेले आठ महिने केटिंग ही टाइपस्क्रिप्टमधील, असे एपीआय वापरण्यासाठीची लायब्ररी आहे.

तिच्यातील मला सर्वाधिक पटलेली गोष्ट म्हणजे रिसोर्स आणि स्टेट ही दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट आहेत. रिसोर्स म्हणजे पत्ता. गेट, म्हणजे वाचण्याची विनंती, केल्यावर हाती येते ती स्टेट, म्हणजे सर्व्हरने त्या क्षणी दिलेला डेटा, लिंक आणि हेडर (उत्तरासोबतची पूरक माहिती). गट नंबर आणि सातबाऱ्याचा उतारा यांच्यातला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावावे लागत नाही: नंतर फेरफार झाला, तरी हातातला उतारा जुनेच सांगत राहतो.

याचा प्रत्यय लवकरच आला. केटिंगचा मूळ कॅशे, म्हणजे आणलेल्या प्रतींचा साठा, स्टेट मुदतीविना जपून ठेवतो. आपण स्वतः पुट, पॅच किंवा डिलीट (अनुक्रमे पूर्ण नोंद बदलणे, काही भाग बदलणे, काढून टाकणे) केले, तर त्या पत्त्याची जुनी स्टेट बाद होते, परंतु दुसऱ्या संगणकावरून झालेला बदल केटिंगला कळण्याचे कारणच नाही. उद्यमनगरच्या कार्यालयात ऑर्डरची संख्या बदलली आणि शिरोलीत जुनीच दिसत राहिली. दस्तऐवज नीट न वाचल्याचा दोष आमचाच. अल्पकालीन कॅशे निवडल्यावर, ज्याची मूळ मुदत ३० सेकंद असते, ही तक्रार बरीच कमी झाली.

त्याहून खोल खड्डा एम्बेडेड, म्हणजे यादीच्या उत्तरातच समाविष्ट केलेल्या, नोंदींचा होता. यादीसोबत आलेली प्रत्येक नोंद केटिंग स्वतंत्र स्टेट म्हणून कॅशेमध्ये ठेवते, त्यामुळे विनंत्या वाचतात. मात्र हॅलच्या मसुद्यानुसार एम्बेडेड नोंद अपूर्णही असू शकते. आम्ही यादीत फक्त ऑर्डर क्रमांक आणि ग्राहकाचे नाव देत होतो. फॉर्म त्याच अर्धवट स्टेटवरून उघडला, पुट झाले आणि वजन व साच्याचा क्रमांक पुसला गेला. आता आम्ही नोंद पूर्ण देतो, नाहीतर एम्बेड न करता केवळ लिंक देतो.

रिअॅक्ट या स्क्रीन बांधण्याच्या लायब्ररीसाठी केटिंगचे हुक (जोडणीची तयार फंक्शन) सोयीचे आहेत, त्यावर अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

पुट करताना मूळ स्टेटच्या हेडरमधील ईटॅग (नोंदीच्या त्या आवृत्तीची खूण) इफ-मॅच या हेडरमध्ये पाठवण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. दरम्यान कोणी नोंद बदलली असेल, तर सर्व्हर ४१२, म्हणजे अट जुळली नाही असा नकार, देतो आणि आम्ही दोन्ही स्टेट शेजारी-शेजारी दाखवतो. ती स्क्रीन अजून ओबडधोबड आहे, पण कोणता आकडा ठेवायचा हे आता डिस्पॅचमधला माणूस ठरवतो.