सलूनचं ॲप आठ महिने वापरून, फोंड्याहून

जूनमध्ये हे ॲप घेतलं तेव्हा कारण एकच होतं, डिसेंबरमध्ये धाकट्या बहिणीचं लग्न. माझी नोकरी पणजीत आणि घर फोंड्यात, त्यामुळे पार्लरला जायचं तर एकतर ऑफिस सुटल्यावर पणजीतच कुठेतरी शिरायचं, नाहीतर कदंबच्या बसने सातला घरी पोचून इथल्या ताईंकडे नंबर लावून बसायचं. ॲपमध्ये दोन गोष्टी आहेत. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला की केसांचा रंग, कट, भुवया, लिपस्टिक सगळं लावून दाखवतं, आणि तिथूनच सलूनचा स्लॉट बुक करता येतो. आता जानेवारी संपत आला म्हणून सविस्तर लिहितेय, कारण पहिल्या महिन्यात ज्या गोष्टीचं मी सगळ्यांना कौतुक सांगत होते तीच मला सगळ्यात महागात पडली असती.

ती गोष्ट म्हणजे केसांचा रंग. एका संध्याकाळी बसून दहा-बारा शेड बघितल्या आणि ॲश ब्राऊनवर जीवच जडला, बहिणीला दाखवला, आईला दाखवला, दोघी म्हणाल्या कर. लगेच पणजीतल्या एका सलूनमध्ये शनिवारचा तीन तासांचा स्लॉट घेतला आणि पाचशे रुपये ॲडव्हान्स भरले. तिथल्या मुलीने खुर्चीत बसवल्या बसवल्या पहिलाच प्रश्न विचारला, "केसांना आधी काय लावलंय?" मी म्हटलं मेंदी, नऊ वर्षं, आई घरीच लावते आणि त्यावर इंडिगो, म्हणजे निळीच्या पानांची पावडर, कारण मला पंचविशीच्या आतच पांढरे केस यायला लागले. ती थांबलीच. मानेमागची एक बारीक बट घेतली आणि तिला ब्लीच लावून बघितलं, थोड्या वेळाने धुतली तर बट तांबडी निघाली आणि मध्ये मध्ये चक्क हिरवट.

मग तिने नीट समजावलं. रंगाने रंग निघत नाही, काळ्या केसांवर राखाडी छटेचा ब्राऊन आणायचा तर आधी ब्लीचने केस बरेच फिके करावे लागतात, मेंदीचा तांबडेपणा सहजासहजी जात नाही, इंडिगो ब्लीचखाली हिरवी पडू शकते. आणि बाजारातल्या काही मेंदी पावडरींत धातूचे क्षार मिसळलेले असतात, त्यावर ब्लीचमधलं पेरॉक्साइड गेलं तर केस गरम होऊन तुटतात पण. आमची मेंदी अंगणातल्या झाडाची, पण इंडिगो दुकानातली, तिच्यात काय आहे कुणाला ठाऊक. त्या मुलीने त्या दिवशी तीन तासांचं काम सोडून दिलं आणि नुसता कट करून मला घरी पाठवलं, तिचे उपकार मी विसरणार नाही.

यात ॲप खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. ते फोटोतला केसांचा भाग ओळखतं आणि मूळची उजेड-सावली तशीच ठेवून वर नवा रंग चढवतं, एवढंच त्याचं काम. केसांत काय मुरलंय हे कॅमेऱ्याला दिसणार कसं. माझी तक्रार वेगळी आहे, की चित्राच्या खालीच 'बुक करा'चं बटण आहे आणि मध्ये एकही प्रश्न नाही. पर्मनंट रंगांमध्ये बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी निघाली तर डोकं-चेहरा सुजतो, म्हणून 48 तास आधी त्वचेवर थोडासा लावून बघतात, आणि हे ॲप मला पहिल्यांदाच रंग लावायचा असताना 'आज संध्याकाळी 6 वाजता जागा आहे' म्हणून नोटिफिकेशन पाठवतं. हे चुकीचंच आहे. तंत्र काही कालपरवाचं नाही, यूकॅम मेकअप हे असंच ॲप 2014 मध्ये आलं, लॉरियालने असंच तंत्र बनवणारी मोडिफेस ही टोरांटोची कंपनी 2018 मध्ये विकत घेतली, म्हणजे चेहऱ्यावर मेकअप चढवून दाखवायला लोक केव्हाच शिकलेत, मग चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

लिपस्टिकच्या शेडबद्दल मात्र चांगलं बोलेन, पण उजेड सांभाळायला लागतो. जुलैमध्ये मी बाल्कनीत उभी राहून बघायचे आणि प्रत्येक शेड मला निस्तेज दिसायची, आजारी असल्यासारखी. नंतर कळलं की समोर माड, केळी, सगळं पावसाने हिरवंगार, तो हिरवा उजेडच चेहऱ्यावर पडत होता, आणि घरात ट्यूबलाइटखाली तीच शेड भलतीच. आता सकाळी पांढऱ्या भिंतीजवळच्या खिडकीशी बसते, फोनचा ब्यूटी मोड बंद करते, आणि हनुवटीखाली कोरा कागद धरते, कागद पांढरा दिसला तरच पुढे बघते. एवढं केलं की चेरी आणि मरून यातला फरक बऱ्यापैकी खरा दिसतो. भुवयांचं तर उत्तमच, किती जाड ठेवायच्या हे मी आयुष्यात पहिल्यांदा थ्रेडिंगवाल्या ताईंना नीट सांगू शकले, आधी नुसतं "जास्त बारीक नको" म्हणायचे आणि त्या त्यांच्या मनाने करायच्या.

कटमध्ये अर्धं अर्धं. लांबी कुठपर्यंत बरी दिसेल ते कळतं. पण कपाळावरची फ्रिंज दाखवली ती सरळ पडदा सोडल्यासारखी, आणि माझ्या कपाळाशीच केसांचा भोवरा आहे, तिथे केस दोन्हीकडे फाटतात, ते ॲपला कळत नाही. त्यात आपला पावसाळा, वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावात ब्लो ड्राय केलेले सरळ केस किती टिकणार, हवेतला ओलावा केसांत शिरला की केस परत आपल्या मूळ वळणावर जातात. पणजीहून घरी येताना वाटेतला बाणस्तारीचा पूल येईपर्यंत माझे फुगलेले असायचे.

बुकिंगचा फायदा पणजीत खरंच झाला. ऑफिसातून निघताना स्लॉट घ्यायचा, दहा मिनिटांत खुर्चीत, पैसे यूपीआयने. फोंड्यात मात्र ॲपवर मोजकीच सलूनं दिसतात, ज्यांच्याकडे मी कॉलेजपासून जाते त्या ताई तर नाहीतच, त्यांचं सगळं फोनवर आणि वहीत. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधीच्या शनिवारी ॲपने मला साडेअकराचा स्लॉट दिला, कन्फर्म झाल्याचा मेसेज आला, आणि गेले तर आधीच सहाजणी बसलेल्या, काउंटरवरची म्हणाली की ॲपवालं आम्ही बघितलंच नाही. दोन तास थांबले, घरी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्याचं, सामान आणायचं राहिलेलं. तेव्हापासून सणाच्या आठवड्यात बुक केलं तरी सकाळी फोन करून विचारतेच, तुम्हीपण करा.

आणखी एक, केस कमरेपर्यंत असतील तर ॲपमधला पंचेचाळीस मिनिटांचा स्लॉट पुरत नाही, दोन सलग घ्या नाहीतर मागची बाई येऊन उभी राहते. बिल पण बघून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या कामावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला, म्हणजे 1500 च्या कामावर आधी 270 जायचे ते आता 75. ऑक्टोबरमध्ये माझ्या एका बिलात जुनाच दर लागलेला, दाखवल्यावर दुरुस्त करून दिला.

लग्नात ॲपचा खरा उपयोग झाला तो बोलण्यासाठी. बहिणीने तीन लुक निवडून ठेवले, ते स्क्रीनशॉट मेकअपवालीला दाखवले, ती दोन बघून लगेच म्हणाली हे पिवळ्या साडीवर जाणार नाही, तिसरा धरून ट्रायल घेतली. ॲपमध्ये मोकळे कुरळे केस होते, फार सुंदर. पण ट्रायलच्या दिवशी मी मुद्दाम म्हार्दोळच्या जायांच्या माळा आणि अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, आणला, सगळा माळला, आणि दोन तासांत कर्ल खाली उतरले, कारण फुलांना वजन असतं आणि ओल असते. मग खाली मानेशी आंबाडा ठरला. चुड्याच्या दिवसापासून पाठवणीपर्यंत तिचे केस एकदाही विस्कटले नाहीत, बघून मला रडू आलं.

फोटोंबद्दल एकच सांगते, ॲप पूर्ण गॅलरी मागतं, देऊ नका, नव्या फोनमध्ये निवडलेलेच फोटो द्यायची सोय आहे, ती वापरा.

ॲप मी ठेवलंय. त्या कंपनीला सप्टेंबरमध्ये लिहिलं होतं की रंगाचा स्लॉट देण्याआधी केसांना आधी काय लावलंय ते विचारा. उत्तर नाही आलं, पण या महिन्याच्या अपडेटमध्ये बुकिंगखाली एक छोटी रिकामी चौकट आलीय, सलूनला काही सांगायचं असेल तर. प्रश्न अजून नाहीच. तरी मी थ्रेडिंग असो की कट, दर वेळी तिथे लिहिते: मेंदी आणि इंडिगो, नऊ वर्षं.