ओल्ड ट्रॅफर्ड की मॉस्टन? सुपर लीगनंतरचे दोन युनायटेड

मँचेस्टरला राहायला आलेल्या फुटबॉलवेड्यापुढे दोन युनायटेड असतात. एक ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरचं जगप्रसिद्ध मँचेस्टर युनायटेड. दुसरं शहराच्या मॉस्टन भागातलं एफसी युनायटेड, 2005 मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड ताब्यात घेतल्यावर वैतागून बाहेर पडलेल्या चाहत्यांनी काढलेलं. एप्रिल 2021 मध्ये सुपर लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांनी स्वतःसाठी हमखास जागा ठेवून आखलेली वेगळी स्पर्धा, जाहीर झाली. तिच्या 12 क्लबांत मँचेस्टर युनायटेडचंही नाव दिसलं आणि अनेकांच्या मनात तोच प्रश्न आला: आत राहून भांडायचं की उठून जायचं?

आत राहणाऱ्यांना कमी लेखू नका. 2 मे रोजी ग्लेझरविरोधाचे हिरवे-सोनेरी स्कार्फ गुंडाळलेली माणसं थेट मैदानात घुसली आणि लिव्हरपूलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली. वास्तविक क्लबने तोवर सुपर लीगमधून अंग काढून घेतलं होतं, माफीचं पत्रही आलं होतं. राग सुपर लीगपुरता नव्हताच, मालकांवर होता. पुढे चाहत्यांचं सल्लागार मंडळ आलं, पण सल्ला देणं वेगळं आणि मत देणं वेगळं.

मला शेवटी खुपलं ते तिकीट. 2024-25 चा हंगाम अर्ध्यावर असताना ओल्ड ट्रॅफर्डला क्लबच्या सभासदांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट 66 पौंड केला गेला. लहान मुलांना नाही, पेन्शनरांना नाही, सवलत कुणालाच नाही. आमचा मुलगा अर्धी मॅच पाय हलवत बसतो, उरलेली चिप्स कधी मिळणार हे विचारण्यात घालवतो. त्याला माझ्याइतकाच दर? सुपर लीगवाल्यांचा हिशेबही मला याच वहीतला वाटतो.

एफसी युनायटेडचा खेळ मात्र इंग्लिश फुटबॉलच्या सातव्या स्तरावरचा, म्हणजे प्रीमियर लीगच्या सहा पायऱ्या खालचा. पास चुकतात, चेंडू बराच वेळ हवेत असतो, ब्रुनो फर्नांडिससारखे ओल्ड ट्रॅफर्डचे तारे वगैरे विसरा. पण तिथे एका सभासदाला एकच मत, जर्सीवर प्रायोजकाचं नाव नाही, आणि सीझन तिकिटाला किमान रकमेच्या वर ज्याला जे परवडेल ते. गोलमागचा उभं राहून बघायचा स्टँड नॉर्थविच या गावातल्या क्लबच्या जुन्या मैदानावरून आणलेला आहे. तिथे गाणी नव्वद मिनिटं थांबत नाहीत. ओल्ड ट्रॅफर्डला माझ्या आसपास तरी एवढा आवाज नसायचा. कदाचित माझी जागाच तशी असेल.

जगातले मोठे खेळाडू जवळून बघायचे असतील तर ओल्ड ट्रॅफर्डला पर्याय नाही, आणि एकदा तरी जावंच. पोरांना घेऊन नेहमी जायचं असेल तर मॉस्टन बघा. सभासदत्वाची घाई नको, आधी दोन-चार मॅच उभ्याने बघून घ्या.