मॅलिमाइड-सक्रिय प्लेट: लहान पेप्टाइडसाठी पैसे वसूल होतात का?

लहान पेप्टाइडविरुद्धची (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीविरुद्धची) प्रतिपिंडे एलायझा या रंग-चाचणीने मोजणाऱ्यांना साध्या पॉलिस्टायरीन प्लेटचा लहरीपणा नवा नाही. सुमारे १५० किलोडाल्टनचे प्रतिपिंड या प्लास्टिकला आपसूक घट्ट चिकटते. पंधरा-सोळा अमिनो आम्लांचे पेप्टाइड मात्र ट्वीन-२० या साबणासारख्या द्रव्याच्या धुण्यात वाहून जाते, किंवा प्रतिपिंडाने ओळखायचा नेमका भागच प्लास्टिककडे तोंड करून बसतो. म्हणून आम्ही ९६ खळग्यांची मॅलिमाइड-सक्रिय प्लेट वापरून पाहिली.

तिच्या पृष्ठभागावरील मॅलिमाइड गट पीएच ६.५ ते ७.५ च्या दरम्यान सिस्टीन या अमिनो आम्लाच्या मुक्त थायॉलशी (गंधक-हायड्रोजन गटाशी) सहसंयुज बंध जोडतो. सशांना टोचण्यासाठी केएलएच या वाहक प्रथिनाला जोडलेल्या आमच्या पेप्टाइडच्या टोकाला सिस्टीन होतेच, त्यामुळे प्लेटसाठी वेगळे पेप्टाइड बनवून घ्यावे लागले नाही. ज्या सिरमने (सशाच्या रक्तातील द्रवाने) साध्या प्लेटवर लसीकरणापूर्वीच्या सिरमपेक्षा जेमतेम अधिक रंग दिला होता, त्याच सिरमने येथे स्पष्ट पिवळा रंग दिला.

पहिली खेप मात्र पूर्ण वाया गेली, आणि त्याचा दोष मी निम्मा स्वतःकडे व निम्मा माहितीपत्रकाकडे देईन. द्रावणात ठेवलेल्या पेप्टाइडचे रेणू डायसल्फाइड बंधाने जोडीजोडीने बांधले गेले होते आणि प्लेटला जोडायला मुक्त थायॉल उरलाच नव्हता. ‘क्षपित पेप्टाइड वापरावे’ (म्हणजे डायसल्फाइड बंध तोडून थायॉल मोकळे केलेले) एवढेच पत्रकात म्हटले आहे. परंतु क्षपणासाठी घातलेले डीटीटी धुऊन काढले नाही तर तेच मॅलिमाइड गिळून टाकते, आणि टीसीईपी हे दुसरे क्षपणकारकही जादा उरले तर निरुपद्रवी नसते, हे त्यात कुठेच नाही. शेवटी रेझिनवर बांधलेले टीसीईपी वापरून ते गाळून काढले आणि बफरमध्ये धातूचे आयन बांधून ठेवणारे ईडीटीए घातले, तेव्हा काम जमले. कोटिंगनंतर, म्हणजे पेप्टाइड प्लेटला जोडल्यानंतर, उरलेले मॅलिमाइड गट सिस्टीनच्या द्रावणाने बंद करण्याची पायरीही वगळू नये, कारण सिरममधील अल्ब्युमिन या प्रथिनालाही एक मुक्त थायॉल असतो.

सिस्टीन प्रतिपिंडाने ओळखायच्या भागाच्या मधोमध असेल तर ही प्लेट घेऊ नये. तेथे बायोटिन लावलेले पेप्टाइड आणि बायोटिनला घट्ट पकडणाऱ्या स्ट्रेप्टाविडिनची प्लेट बरी. शेकडो नमुने तपासायचे असतील तर किमतीमुळे ही परवडत नाही. त्यासाठी पेप्टाइड बीएसएला (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिनला) जोडून साध्या प्लेटवरच कोटिंग करावे, मात्र सशाला टोचलेला वाहक बीएसए नसावा. मोजक्या मौल्यवान सिरमसाठी मी हीच पुन्हा मागवीन.