रत्नागिरीतला कर्नल क्लास: फी वसूल, पण शनिवारची सकाळ सोडून

मारुती मंदिराजवळ दोन दिवसांचा लिनक्स कर्नलचा (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) क्लास असतो तो मागच्या वीकेंडला केला, लांज्याहून सकाळची एसटी पकडून. क्लासचं नाव टाकत नाय, पुढे तक्रारपण आहे.

शनिवारची सकाळ फुकट. कर्नल म्हणजे काय, कोणी सुरू केला, हे मोबाईलवर वाचता येतं हो. त्यात लाइट गेली, इन्व्हर्टरवर एकच पंखा आणि तो सरांच्या डोक्यावर.

दुपारी स्ट्रिंग पार्सिंग, म्हणजे आलेला मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणं, सुरू झालं आणि मी सरळ होऊन बसलो. बागेतल्या पंपासाठी मी ड्रायव्हर (कर्नलमधून पंप चालवणारा कोड) लिहिलाय, सिसएफएसच्या (कर्नलला निरोप द्यायच्या फाइली असतात तिथल्या) फाइलीत 'ऑन' लिहिलं की रिले, म्हणजे पंपाचा स्विच, लागायला हवा, पण लागतच नव्हता, दोन रात्री त्यातच गेलेल्या. सर कोड बघून म्हणाले, अरे फाइलीत लिहायची एको कमांड शेवटी न्यूलाइन (नव्या ओळीची खूण) चिकटवते, अक्षर न् अक्षर ताडून बघणाऱ्या तुझ्या स्ट्रसीएमपीला ते जुळणार कसं? ती खूण सोडून देणारं सिसएफएस-स्ट्रइक्यू लाव. लावलं, आणि टक्! रिले वाजला. मग फाइलीत '12abc' लिहायला लावलं, मजकुराचा आकडा करणारा माझा जुना सिंपल-स्ट्रटूयूएल गुपचूप 12 घेऊन मोकळा, त्याच कामाच्या नव्या केस्ट्रटूइंटने मात्र एरर तोंडावर फेकला.

स्ट्रिंग कॉपी करणाऱ्या स्ट्रएलकॉपीचं तर मला माहीतच नव्हतं. तुमचा डबा (कॉपी ठेवायची मेमरीतली जागा) 16 बाइटचा असला तरी तो लांबी सांगायची म्हणून समोरची आख्खी स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचतो, म्हणजे पाव किलो कोळंबी घ्यायची आणि जेटीवरची सगळी टोपली मोजत बसायचं. 2024 च्या 6.8 कर्नलमधून तो काढूनच टाकला. त्याच्या जागी स्ट्रएसकॉपी, डबा भरला की थांबतो, मावलं नाय तर ई-टू-बिग हा एरर परत देतो, आणि जमेल तिथे एकेक बाइट न घेता 64 बिटच्या मशीनवर आठ-आठ बाइट एकदम उचलतो. आंबे मोजताना आपण पण एकेक कुठे उचलतो?

माझ्या पंपाला या स्पीडचा काय फरक पडणार नाय, दिवसातून दोनदा तर चालू करायचा. पण चुकीचं इनपुट आत घुसत नाय आता, मला तेवढं पुरे.

रविवार पण चांगला, सगळा हातानेच कोड. जेवण बरं, सोलकढी पाणचट. पाचपैकी चार. मित्रासाठी फक्त दुपारपासूनची फी विचारली तर म्हणाले, तसं नाय होत, सकाळचं पण घ्यावं लागेल.