रिझर्व्ह बँकेचे साप्ताहिक परिशिष्ट आणि मासिक बुलेटिन: चलनबाजारातील व्यावसायिकांसाठी एक परीक्षण

बँकेचा डीलर असो वा निर्यातदार कंपनीचा खजिना विभाग, रुपया-डॉलरच्या व्यवहारात असलेल्या प्रत्येकापुढे दिवसभर बातम्या आणि अंदाज येऊन आदळत असतात आणि त्यांसाठी भरभक्कम शुल्कही मोजले जाते. रिझर्व्ह बँक मात्र दोन प्रकाशने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देते: दर शुक्रवारी सायंकाळी येणारे साप्ताहिक सांख्यिकी परिशिष्ट आणि दरमहाचे बुलेटिन. रुपयाचा कल समजून घेण्यासाठी मला ही दोन्ही सर्वाधिक मोलाची वाटतात. अट एवढीच, की ती एकमेकांशी ताडून वाचावीत.

परिशिष्टात आधीच्या आठवड्याअखेरची परकीय चलन गंगाजळी परकीय चलन मालमत्ता, सोने, विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सदस्य देशांना दिलेली राखीव मालमत्ता) आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील राखीव हिस्सा अशी विभागून मिळते. वृत्तपत्रांच्या मथळ्यात येतो तो एकूण आकडा, आणि तो घटला की रिझर्व्ह बँकेने तेवढे डॉलर विकले असे अनेकजण धरून चालतात. गंगाजळी डॉलरमध्ये मोजली जात असली तरी तिच्यात युरो, पौंड आणि येनही असल्यामुळे, डॉलर वधारला की बाजारात काहीही न विकता आकडा खाली येतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२४ च्या अखेरीचे आहे. २७ सप्टेंबर २०२४ रोजी सुमारे ७०५ अब्ज डॉलरच्या उच्चांकावर असलेली गंगाजळी जानेवारी २०२५ च्या मध्याला ६२५ अब्जांच्या आसपास आली. याच काळात युरो १.१२ डॉलरच्या जवळपासून १.०३ पर्यंत घसरल्याने घटीचा काही भाग निव्वळ पुनर्मूल्यांकनाचा होता. प्रत्यक्ष विक्री किती झाली, हे बुलेटिनमधील डॉलर खरेदी-विक्रीच्या तक्त्यातूनच कळते. एकट्या नोव्हेंबर २०२४ मध्ये हजर बाजारातील, म्हणजे लगेच देवघेव होणाऱ्या व्यवहारांतील, निव्वळ विक्री २० अब्ज डॉलरहून अधिक होती. त्याच तक्त्यातील वायदा व्यवहारांची, म्हणजे दर आज ठरवून देवघेव पुढच्या तारखेला करायच्या सौद्यांची, बाजू त्याहून महत्त्वाची ठरली. रिझर्व्ह बँकेची निव्वळ वायदा विक्री सप्टेंबरअखेर १५ अब्ज डॉलरच्या आत होती, ती फेब्रुवारी २०२५ अखेर ८८ अब्जांच्या पुढे गेली. पुढे द्यावयाचे हे डॉलर गंगाजळीच्या साप्ताहिक आकड्यातून वजा केलेले नसतात. ज्याने केवळ शुक्रवारचा आकडा पाहिला, त्याला रुपया सावरण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा मोठा भाग दिसलाच नाही.

उशीर ही बुलेटिनची खरी उणीव आहे. नोव्हेंबरची विक्री जानेवारीच्या अंकात येते, त्यामुळे दिवसाच्या सौद्यासाठी या तक्त्याचा उपयोग नाही. मध्यवर्ती बँकेने आपला हस्तक्षेप लगेच उघड करू नये हे मला पटते, तरी दोन महिने हा काळ जास्त वाटतो. बुलेटिनमधील ४० चलनांच्या वास्तविक प्रभावी विनिमय दराचा (महागाईतील फरक धरून, इतर चलनांच्या तुलनेत रुपयाचे सरासरी मूल्य) निर्देशांक उपयुक्त आहे, पण त्यावरून नजीकच्या काळातील दर ठरवू नये.

सहा महिने ते वर्षभराचे हेजिंग, म्हणजे विनिमय दरातील चढउतारांपासून संरक्षण, ठरवणाऱ्यांना मात्र मी ही प्रकाशने आवर्जून सुचवीन. त्यांनी सुरुवात बुलेटिनमधील, अद्याप पूर्ण न झालेल्या वायद्यांच्या उर्वरित मुदतीनुसार केलेल्या विभागणीपासून करावी, कारण महिन्याभरात, तीन महिन्यांत आणि वर्षात किती डॉलरची देणी पूर्ण करावी लागतील हे तिथेच दिसते.